फॉरमॅट मारण्याआधी

मुदखेडच्या एखाद्या सेवा केंद्रात जुलै महिन्यात लॅपटॉप बंद पडला की काय होतं, हे रांगेत उभं राहिलेल्यालाच कळतं. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते. प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो, जातीचा हवा असतो, नॉन-क्रिमिलेअर हवं असतं. आणि काउंटरवरचा लॅपटॉप कंपनीचं चिन्ह दाखवून गोल गोल फिरत बसतो. तासाभराने मागून कुणीतरी म्हणतं, "दादा, कशाला बसता बघत, नांदेडला घेऊन जा न् फॉरमॅट मारून आणा." नांदेड वीस-पंचवीस किलोमीटरवर. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप परत येतो, ताजं विंडोज टाकलेलं असतं, आणि डेस्कटॉपवर काहीही नसतं.

काय काय गेलं, हे मग पुढे कितीतरी दिवस आठवत राहतं. लोकांच्या कागदपत्रांचे स्कॅन, भरलेल्या अर्जांच्या पावत्या, उधारीची एक्सेल शीट, घरातल्या लग्नाचे फोटो. पुष्कळदा यातलं काहीच पुसायची गरज नसते. लॅपटॉप सुरू न होणं आणि आतली माहिती जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली आपोआप घडते, दुसरी आपण हौसेने घडवून आणतो. या प्रकरणाचा सगळा खटाटोप या दोन घटना एकमेकींपासून लांब ठेवण्यासाठी आहे.

यात दुकानदाराला बोल लावून उपयोग नाही. फॉरमॅट तास-दोन तासांत होतो आणि बहुतेक वेळा लॅपटॉप चालू होऊनच गिऱ्हाइकाच्या हातात पडतो. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला मात्र अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि "नुसतं बघितल्याचे" पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. म्हणून प्रश्न आपणच विचारायला हवेत. त्यासाठी बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत आत काय चालतं, याची तोंडओळख पुरेशी आहे.

बटण दाबलं की सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा एक छोटा नियंत्रक जागा होतो आणि वेगवेगळ्या भागांना लागणारा वीजपुरवठा ठरलेल्या क्रमाने चालू करतो. मग प्रोसेसर उठतो आणि एका लहानशा, बहुधा आठ पायांच्या चिपमधला प्रोग्राम वाचू लागतो. दुकानात तिला अजूनही बायोस चिप म्हणतात. आतला प्रोग्राम आता युईएफआय प्रकारचा असतो. तो रॅम तपासतो, स्क्रीन आणि कीबोर्ड जागे करतो, कंपनीचं चिन्ह दाखवतो. त्यानंतर 'कुठून सुरू करायचं' याची यादी बघून डिस्कवरच्या साधारण शंभर एमबीच्या एका चिमुकल्या भागात शिरतो. तिथे विंडोजचा बूट मॅनेजर बसलेला असतो. मूळ विंडोज डिस्कच्या कुठल्या भागात आहे, हे त्याच्या टिपणात लिहिलेलं असतं. तो तिथून कर्नल आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर मेमरीत आणतो आणि कारभार त्यांच्यावर सोपवतो. नेटवर्क, आवाज, लॉगिन हे सगळं त्याच्या नंतरचं.

मनमाडहून निघालेली गाडी काचीगुड्याला पोचली नाही, एवढंच कळलं तर कुणी रूळ उखडायला घेत नाही. ती परभणीला अडकली, पूर्णेला की मुदखेडला, हे आधी विचारलं जातं. "लॅपटॉप चालूच होईना" या तक्रारीबाबतही हाच प्रश्न पहिला, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा पडद्यावरच असतं.

दिवाच लागत नसेल, पंखा फिरत नसेल, तर विंडोजचा काही संबंध नाही. अॅडॅप्टर, चार्जिंगची पिन किंवा मदरबोर्ड, यांपैकी काहीतरी. इथे घरी करता येणारी एकच गोष्ट आहे: चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून बघा. आत अडकून राहिलेला विद्युतभार निघून गेला की कधीकधी एवढ्यावरच काम भागतं.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच? दुकानाच्या भाषेत "डिस्प्ले येईना". इथे संशय आधी रॅमवर. एचपीच्या पुष्कळ लॅपटॉपांवर कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, डेलचा दिवा पांढरा-पिवळा होतो. ती सांकेतिक भाषा असते आणि तिचा तक्ता कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. लुकलुक मोजून ठेवावी, मोबाइलवर व्हिडिओ काढावा. कारागीर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने घासतात. त्याने गंज निघतो हे खरं, पण रबराचा चुरा खोबणीत जाऊ देऊ नये आणि शेवटी आयपीएचा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, हात फिरवावा.

चिन्ह दिसलं आणि मग काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' अशा अर्थाची ओळ आली, तर घाबरण्याआधी लॅपटॉपला काय काय लावलेलं आहे ते पाहा. सेवा केंद्रातल्या लॅपटॉपला एका हबवर प्रिंटर, थम्ब मशीन, डिजिटल सहीचा टोकन आणि कुणाचातरी विसरलेला पेनड्राइव्ह अशी अख्खी वरात लटकलेली असते. सगळं काढा. पेनड्राइव्हवरून सुरू होण्याचा प्रयत्न करून लॅपटॉप तिथेच अडून राहिला असेल, तर तेवढ्यानेच तो उठतो.

ही खोड जुनी आहे. फ्लॉपीच्या काळात ती आत विसरून संगणक सुरू केला की तिच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये लपलेला विषाणू यंत्राचा ताबा घ्यायचा. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन त्याच जातीचा. १९९१ मध्ये सापडलेला मायकेलँजेलो तर हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये घर करायचा आणि ६ मार्चला डिस्कवरची माहिती नासवायचा. आपल्याकडे या काळाची एक उमदी आठवण आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे पुण्यात त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकानात येणारे संगणक विषाणूंनी आजारी असायचे. धाकटा भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होता. तो त्यांच्यावर उतारे लिहू लागला. त्या उताऱ्यांतूनच १९९०च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभी राहिली. प्रत्येक यंत्राला सरसकट फॉरमॅट मारून ते परत करत राहिले असते, तर उतारे लिहायची वेळच आली नसती. दुरुस्तीच्या टेबलावर 'असं का झालं' हे विचारणाऱ्या माणसाबद्दल मला म्हणूनच मनापासून आदर वाटतो.

सगळं काढूनही तीच ओळ येत असेल, तर एफ-टू, एफ-टेन किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि एकच गोष्ट बघा: डिस्कचं नाव दिसतंय का? पुढच्या सगळ्या निर्णयांची दिशा इथे ठरते. नाव दिसत नसेल तर डिस्क निकामी झाली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. अशा वेळी विंडोज टाकायची गोष्टच काढू नये. नाव दिसत असेल तर तिथली तारीखही बघून घ्या. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर बायोसची सेटिंग जपणारा नाण्याएवढा सेल संपलेला आहे, आणि जुन्या लॅपटॉपात त्याबरोबर बूटची सेटिंगही मूळपदावर गेलेली असू शकते. इथे आणखी एक सापळा आहे. डिस्क कोणत्या पद्धतीने जोडायची याचं एक सेटिंग बायोसमध्ये असतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत ते व्हीएमडी या नावाने दिसतं. विंडोज टाकताना डिस्क दिसेना म्हणून कुणी ते बंद करून ठेवलं, की आधीचं चांगलं चाललेलं विंडोज निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून कोसळतं. सेटिंग पूर्ववत केलं की उठून बसतं. मुळात काही बिघडलेलंच नसतं.

असं सेटिंग कुणी हलवलेलं नसेल, तर निळा पडदा येतो म्हणजे गाडी पुष्कळ पुढे आलेली आहे. बायोस ठीक, डिस्क वाचली जातेय, कर्नल मेमरीत आलाय. अडतंय ते एखाद्या ड्रायव्हरपाशी, अर्धवट बसलेल्या अपडेटपाशी किंवा खराब झालेल्या एखाद्या फाइलपाशी. या टप्प्यावरचा जगातला सर्वांत मोठा अपघात फार जुना नाही. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी, आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना, क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. प्रोग्राम २१ नोंदी वाचायला गेला, त्याला मिळाल्या २०. एकविसावी शोधत तो मेमरीत नको त्या जागी शिरला. हा प्रोग्राम कर्नलच्या आत आणि अगदी सुरुवातीला चालणारा, त्यामुळे त्याच्याबरोबर विंडोजच कोसळलं. पुन्हा सुरू केलं की पुन्हा तिथेच. कंपनीने फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक या चक्रात सापडले होते. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर काउंटरवरची कामं हाताने चालली, हैदराबादच्या एका प्रवाशाला मिळालेला हाताने लिहिलेला बोर्डिंग पास लोकांनी देशभर पाहिला.

त्याच आठवड्यांत महाराष्ट्रभरच्या सेवा केंद्रांवर लाडकी बहीण योजनेच्या अर्जांची झुंबड होती. मोठ्या कंपन्यांसाठीचं हे सॉफ्टवेअर तिथल्या लॅपटॉपांवर नसतं, त्यामुळे ते या फेऱ्यातून सुटले. पण त्या अपघाताचा उपाय प्रत्येक सेवा केंद्रचालकाने लक्षात ठेवावा असा आहे. विंडोज सेफ मोडमध्ये उघडायचं, ड्रायव्हरच्या फोल्डरात जायचं, २९१ क्रमांकाची ती एक फाइल पुसायची, पुन्हा सुरू करायचं. एवढंच! लाखो संगणक मेल्यासारखे पडले होते आणि त्यांच्यातली कागदपत्रं जिथल्या तिथे सुरक्षित होती. अडचण होती ती वेगळीच: नेटवर्क चालू व्हायच्या आत यंत्र कोसळत असल्याने दुरून काही करता येत नव्हतं. बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रासमोर जाऊन बसावं लागलं.

आपल्या निळ्या पडद्यावरही हाच मार्ग चालतो. लॅपटॉप सलग दोन-तीनदा अर्ध्यावर कोसळला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथे 'स्टार्टअप रिपेअर' आहे, शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे, आधीच्या तारखेला परत जायचा 'सिस्टिम रिस्टोअर' आहे, सेफ मोड आहे. अपडेटनंतर लगेच बिघडलेला लॅपटॉप या चौघांपैकी एकाने सुधारायची शक्यता चांगली असते. 'रिसेट'चा पर्याय मात्र घाईने दाबू नये. त्यातला 'कीप माय फाइल्स' फाइली ठेवतो पण टाकलेली सगळी सॉफ्टवेअर काढून टाकतो. दुसरा काहीच ठेवत नाही.

पण यातलं काहीही करण्याआधी माहिती बाहेर काढा. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त आग्रह याचाच धरायचा आहे. उबुंटूसारखी लिनक्स आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर घालून ठेवता येते. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा आणि 'इन्स्टॉल'ला हात न लावता 'ट्राय' निवडायचं. डिस्कवरचं विंडोज झोपलेलं असलं तरी तुमची फोल्डरं समोर उघडतात. बाहेरची डिस्क लावून ती उतरवून घ्यायची. कारागिरांकडे याच कामासाठी हिरेन नावाच्या साधनसंचाचा पेनड्राइव्ह असतो.

घाई का करू नये, हे एका लॅपटॉपावरून सांगतो. मुदखेडच्याच एका केंद्रातला, फिरत्या हार्ड डिस्कचा, जुना. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, तिच्या जागी पुठ्ठा बसवलेला. वळवाच्या वाऱ्यात लाइट गेली तेव्हा अपडेट चालू होतं. लॅपटॉप 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' म्हणायचा, काळा व्हायचा, पुन्हा तेच म्हणायचा. सरळ बघितलं तर अर्धवट अपडेटचा बळी. पण लिनक्समधून फोल्डर उघडताना मध्येच तो दम खायचा आणि आतून बारीकशी टिक ऐकू यायची. डिस्कची तब्येत सांगणारी नोंद बघितली तर 'पेंडिंग सेक्टर'चा आकडा शून्य नव्हता, म्हणजे काही जागा डिस्कला स्वतःलाच वाचता येत नव्हत्या. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवणं हा हमखास सुचणारा उपाय आणि नेमका घातक. ते संपूर्ण डिस्क तासन्‌तास खरवडून काढतं आणि सापडेल तशा नोंदी बदलत जातं. थकलेल्या डिस्कचा उरलासुरला जीव त्यात जातो. आधी लागतील ती फोल्डरं उतरवली. मग डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने नव्या एसएसडीवर सगळ्याची नक्कल घेतली. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. नव्या एसएसडीवर त्या शंभर एमबीच्या भागातलं बूट मॅनेजरचं टिपण विंडोजच्याच एका आज्ञेने नव्याने लिहिलं, अर्धवट अपडेट मागे फिरवलं, आणि जुनंच विंडोज, जुन्याच फोल्डरांसह उघडलं. ही आज्ञा देताना एक सावधगिरी हवी: दुरुस्तीच्या पडद्यावर सी ड्राइव्ह सी याच नावाने दिसेल असं नाही. आधी विंडोज नावाचं फोल्डर कुठे आहे ते पाहून खात्री करायची.

त्या पुठ्ठ्याबद्दल थोडं अधिक बोललं पाहिजे. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो. नांदेड-लातूरकडचा उन्हाळा बॅटरीचं आयुष्य खातो. फुगलेली बॅटरी काढून टाकायलाच हवी, कारण ती पेट घेऊ शकते. पण तिच्या जागी नवी न बसवता वर्षानुवर्षं थेट लाइटवर चालवलेला लॅपटॉप वीज गेली की त्या क्षणी, जे लिहीत असेल ते अर्धवट टाकून मरतो. बहुतेक वेळा निभावतं. अपडेटच्या मध्ये झालं तर विंडोज जातं, बायोसच्या अपडेटमध्ये झालं तर बायोस चिपमधला प्रोग्रामच अर्धा राहतो आणि लॅपटॉप पार डेड होतो. मग ती चिप बाहेरच्या यंत्राने नव्याने लिहून घ्यावी लागते. नव्या बॅटरीचा खर्च टाळून इथे काहीही वाचत नाही.

नव्या लॅपटॉपांत एक वेगळंच संकट आलं आहे. बायोसचं अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला किंवा बूटचं सेटिंग हललं की निळ्या पडद्यावर बिटलॉकर ४८ अंकी किल्ली मागतो. पुष्कळांना बिटलॉकर आपल्या लॅपटॉपात आहे हेच माहीत नसतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलं की बहुतेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. किल्ली त्या खात्यात जमा होते. आता हे खातं कुणाचं? मुलगी नांदेडला कॉलेजात, लॅपटॉप घेतला दुकानातून, चालू करून देणाऱ्याने घाईत स्वतःच्या किंवा तिथल्या तिथे बनवलेल्या ईमेलने खातं उघडलं, पासवर्ड कुणाच्याच लक्षात नाही. किल्ली गेली तर चालू स्थितीतल्या, ठणठणीत डिस्कवरचं एकही अक्षर कुणालाही वाचता येत नाही. ना नांदेडला, ना सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधल्या संगणक-बाजारात. इथे फॉरमॅट खरोखरच एकमेव मार्ग उरतो, आणि म्हणूनच लॅपटॉप धड असतानाच स्वतःच्या खात्यात जाऊन ती किल्ली तिच्या ओळखीसह कागदावर उतरवून घ्यावी. पडद्यावर किल्लीच्या ओळखीची पहिली आठ अक्षरं दिसतात; ती कागदावरच्या ओळखीशी जुळवून बघायची.

दुकानात द्यायची वेळ आलीच तर टेबलावर ठेवताना चार वाक्यं बोलावीत. कुठल्या टप्प्यावर अडतो आणि पडद्यावर काय लिहून येतं, हे मोबाइलवरचा फोटो दाखवून सांगावं. आतली माहिती हवी आहे हे स्पष्ट म्हणावं. "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका" हे पावतीवर लिहून घ्यावं. डिस्क बदलणार असतील तर जुनी डिस्क परत मागावी, बिघडलेली असली तरी. सेवा केंद्राच्या डिस्कवर गावातल्या लोकांचे आधार, बँकेची पासबुकं आणि सातबारे असतात, आणि मेलेली म्हणून टोपलीत टाकलेली डिस्क दुसऱ्या टेबलावर पुष्कळदा वाचली जाते.